बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही गप्प बसलो

हेडफोन लावून ऐकत असाल तर एका कानातला काढून ठेवा. मधेमधे तुम्हाला गायला लावणार आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल तर मनातल्या मनात गा. तेही चालतं, किंबहुना आजचा अर्धा विषय तोच आहे.

नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे की मी दिवसा हिंजवडीत बसून कोड लिहिते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कर्वेनगरला गाण्याच्या क्लासला जाते. हिंजवडी ते कर्वेनगर संध्याकाळी सहा वाजता. यातच माझी संगीतावरची निष्ठा सिद्ध होते, पुढचं काही सांगायची गरज नाही. पाच वर्षं झाली. प्रवेशिका पूर्ण पास आहे, बऱ्यापैकी मार्कांनी. म्हणजे कागदोपत्री मला गाण्यातलं काहीतरी येतं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या बाईंचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण गळ्यातल्या ज्या नसेवर आवाज अवलंबून असतो ती थायरॉइडला अगदी चिकटून जाते. तिला थोडा जरी धक्का बसला तर एका बाजूचा स्वरतंतू हलायचा थांबतो. बाईंचा तो थांबला. अशा ऑपरेशनमध्ये हे होऊ शकतं असं आधी सांगतात, त्यांनाही सांगितलं होतं. त्या बोलू शकतात, पण आवाज हवेसारखा येतो, फुसफुसत. गाता येत नाही. वरचा सा तर सोडाच, मधला सा सुद्धा टिकत नाही.

दीड महिन्याने क्लास पुन्हा सुरू झाला. आम्ही सातजण. बाईंनी तानपुरा जुळवला, खडू घेतला आणि फळ्यावर दुर्गातल्या एका बंदिशीची स्थायी लिहिली. दोन ओळी, त्रिताल, मध्यलय. वर स्वर, खाली शब्द. लिहून झाल्यावर मागे वळल्या आणि हाताने खूण केली, 'म्हणा'.

कोणीच म्हणेना.

हे नीट समजून घ्या. त्या फळ्यावर अवघड काही नव्हतं. दुर्गात पाच स्वर, सगळे शुद्ध, सा रे म प ध. आमच्यातल्या प्रत्येकाला स्वरलिपी 'येत' होती. परीक्षेच्या लेखी पेपरला आम्ही तीच पाठ करून पानंच्या पानं लिहिली होती. पण पाच वर्षं शिकण्याची पद्धत एकच होती, बाई गाणार, आम्ही त्यांच्या मागून म्हणणार. ती पद्धत वाईट नाही. मींड, आंदोलन, शब्द कुठे सोडायचा, हे सगळं त्यातूनच येतं, कागदातून येत नाही. फक्त तिच्यात एक गोष्ट लपून राहते, की तुम्ही ऐकताय की नुसती नक्कल करताय. बाईंचा आवाज होता तोवर आम्हाला हे कळायचं कारणच नव्हतं.

शेवटी आठवीतला एक मुलगा गायला. तो वर्षभरापूर्वीच आलाय, त्याच्या आधी कीबोर्डच्या पाश्चात्त्य परीक्षा देत होता. त्याने फळ्याकडे बघून सगळे स्वर बरोबर म्हटले. दुर्गा वाटत नव्हता, शाळेची प्रार्थना वाटत होती, पण स्वर बरोबर होते. मग मी प्रयत्न केला. रे नंतर म लिहिला होता, मी सरळ ग लावला. त्याच्या आधीचे दोन महिने आम्ही भूप केला होता, तोच गळ्यात बसलेला. बाईंनी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बोटाने टकटक केलं. पुन्हा. पुन्हा ग. तिसऱ्यांदा टकटक झाल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "ताई, तो म आहे." मला दिसत होतं तो म आहे! मी तोंडाने 'म' असंच म्हणत होते. स्वर मात्र ग लागत होता.

त्या रात्री घरी येऊन मी जे केलं ते कुठल्याही इंजिनिअरने केलं असतं. अॅप लिहायला घेतलं.

अॅप साधं होतं. आमच्या घरच्या पेटीचे बारा सूर मोबाइलवर रेकॉर्ड केले, काळी चारला सा धरून, कारण माझी पट्टी तीच. अॅप त्यातला कुठलाही एक सूर वाजवणार, मी बटण दाबून कुठला ते सांगणार. ऑफिसच्या बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, मीटिंग म्यूट करून (मॅनेजर ऐकत नसतील अशी आशा आहे) दाबत राहिले. तीन आठवड्यांत शंभरातले ९५ बरोबर यायला लागले. मी अतिशय खूष.

मग क्लासमध्ये बाईंनी सहज त्यांच्या तानपुऱ्याची एक तार दाबून एक सूर काढला आणि भुवया उंचावून विचारलं, कुठला? मला काहीही कळलं नाही. रे? ग? कोमल ग? अंदाजाने 'प' म्हणाले. बाई हसल्या, आवाज न करता.

घरी येऊन अॅपची चिरफाड केली तेव्हा लक्षात आलं काय झालंय. आमच्या पेटीचा कोमल धैवत जरा खरखरतो. तीव्र मध्यमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे प्रेशर कुकरची शिट्टी अर्धवट आली होती. शुद्ध निषादाला भात्याचा श्वास ऐकू येत होता. मी स्वर ओळखतच नव्हते, मी खरखर, शिट्टी आणि श्वास ओळखत होते. जे मशीन लर्निंग करतात ते आत्ता हसत असतील. यालाच आपण ओव्हरफिटिंग म्हणतो. ज्या डेटावर शिकलो त्याच डेटावर परीक्षा घेतली आणि ९५ टक्के मिळाले म्हणून पेढे वाटले.

दुसरी चूक जास्त मोठी होती. अॅपमध्ये तानपुरा नव्हता. एक सुटा सूर वाजायचा आणि मी तो ओळखायचे. आता जरा विचार करा, सुट्या सुराला 'ग' म्हणायचं कशावरून? आपल्याकडे सा म्हणजे कुठली ठराविक पट्टी नाही. गाणारा जिथे धरेल तिथे सा. सा ठरल्याशिवाय ग नसतोच. ज्यांना कुठलाही आधार न घेता सुटा सूर नावाने ओळखता येतो, अशी माणसं असतात, पण अगदी थोडी. आणि गंमत म्हणजे आपल्या गाण्याला त्याची गरज पडत नाही. आपल्याला लागतं ते नातं ओळखणं.

याचा एक प्रयोग सांगते, घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर करून बघा. नसेल तर मोबाइलवर पियानोचं कुठलंही फुकट अॅप चालेल. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पाचच. तानपुरा काळी तीनला लावा आणि काळ्या पट्ट्या वाजवा, भूप ऐकू येईल. आता पट्ट्या त्याच, तानपुरा फक्त काळी एकला न्या. दुर्गा! काळी पाचला न्या, मालकंस. काळी दोनला धानी. काळी चारला मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर. चलन वगैरे सोडा, फक्त स्वरांपुरतं बोलतेय. बोटं त्याच पाच पट्ट्यांवर फिरतायत, बदलला तो खालचा सा. आणि कानाला पाच वेगवेगळ्या खोल्यांत गेल्यासारखं वाटतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि रूममेटने उशी फेकली होती.

म्हणजे फळ्यावरच्या त्या म ऐवजी ग का लागला, तर माझ्या कानात सा पक्का नव्हता. रे वरून 'एक पायरी वर' एवढंच डोक्यात होतं, आणि भूपात रे च्या वरची पायरी ग. सा वरून मोजलं असतं तर म कुठे आहे हे कळलं असतं.

तर नव्याने सुरुवात. यावेळी तानपुऱ्यापासून. (तानपुरा सुरू)

ऐका. चार तारा आहेत. पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन, आणि शेवटची खर्जाची. आता फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर एक अडचण आहे. फोनचा स्पीकर एवढासा असतो, त्याला खालचे सूर झेपत नाहीत. माझ्या काळी चारचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झ आहे, तो फोनमधून जवळजवळ येतच नाही, तुम्हाला त्याची वरची सावली फक्त ऐकू येते. म्हणून हेडफोन, किंवा बरा ब्लूटूथ स्पीकर. आणि हेडफोन एकाच कानात, कारण दुसऱ्या कानाने स्वतःचा आवाज ऐकायचाय.

खर्जाची तार छेडल्यावर लगेच बोलू नका. थोडं थांबा. सूर विरत जातो तसा त्याच्यातून वर एक बारीक, गोड सूर उगवतो. तो गंधार आहे. कोणी वाजवलेला नाही, पेटीत नाही, कुठली तार गंधाराला लावलेली नाही. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार थरथरते तेव्हा पूर्ण लांबीची थरथरते, त्याच वेळी निम्मी, तिसरा भाग, चौथा, पाचवा अशीही थरथरते. तो पाचवा भाग म्हणजे गंधार. हिशोब सोपा व्हावा म्हणून मधला सा २४० धरू या. खर्ज १२०. त्याची पाच पट ६००. तार सा ४८०, आणि ४८० ला सव्वा पट केलं की ६००. सव्वा पट म्हणजेच शुद्ध गंधार, तार सप्तकातला.

मला हे गणित बारावीत कोणी सांगितलं असतं तर फिजिक्समध्ये जास्त मार्क पडले असते. असो.

आता मधला गंधार ३०० व्हायला हवा, २४० ची सव्वा पट. पण पेटीचा गंधार ३०२.४ च्या आसपास असतो. कारण पेटी, कीबोर्ड, गिटार यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीतून वाजवता येतं. सोयीचा सौदा आहे. पंचमाला त्याचा फारसा त्रास होत नाही, ३६० ऐवजी ३५९.६, चालून जातं. गंधाराला मात्र होतो. तानपुरा आणि पेटीचा ग एकत्र वाजवा, आत एक भरभर थरथर ऐकू येईल, सेकंदाला नऊ-दहा वेळा. मग पेटी बंद करून गळ्याने ग लावा आणि अगदी हळूहळू खाली आणा. एका जागी ती थरथर मरते. सगळं शांत होतं. सूर 'लागला' असं जे म्हणतात ना, ते हेच. इतकी वर्षं मला वाटायचं ती काहीतरी आध्यात्मिक भानगड आहे.

यामुळे ट्यूनर अॅपवर माझा विश्वास उडाला. बहुतेक ट्यूनर पेटीचं माप धरून चालतात. तुम्ही तानपुऱ्यात विरघळलेला ग लावलात तर तो तुम्हाला सांगणार, १४ सेंट कमी. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तुम्ही बिचारे हिरवी रेघ यावी म्हणून ग चढवणार. शिवाय रेघ बघत गायलं की डोळे शिकतात आणि कान झोपतो. मी आता उलट करते. आधी डोळे मिटून गाते, रेकॉर्ड करते, मनात ठरवते की हा सूर चढा होता, तो बरोबर होता. आणि मगच आलेख उघडून बघते. तोही आपला अंदाज बरोबर होता का एवढंच तपासायला.

मूळ दुखणं होतं कागद बघून गाणं. तिथे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुक्या पलट्यांचा. नाव मी ठेवलंय. करायचं असं. तानपुरा लावा. सा रे ग म प म्हणा, पण त्यातला ग मनात म्हणायचा, तोंड बंद. सा, रे, गप्प, म, प. लय सोडायची नाही. मग ग आणि म दोन्ही गप्प. सा, रे, गप्प, गप्प, प. मग फक्त सा म्हणायचा, मधले तिन्ही मनात, आणि थेट प वर उतरायचं. तानपुऱ्यातला प लगेच सांगतो तुम्ही कुठे पडलात ते. पहिले दहा दिवस मी कायम थोडी खाली पडायचे. मनातल्या मनात सुद्धा माझा मध्यम ढिला होता, म्हणजे प्रश्न गळ्याचा नव्हताच. बसमध्ये करता येतं, कोणाला कळत नाही. फक्त चेहऱ्यावरचे भाव सांभाळा.

मग श्रुतलेखन. शाळेत बाई वाक्य वाचायच्या आणि आपण लिहायचो, तसंच. माझ्या रूममेटला संगीतातलं शून्य येतं, पण बोटं आहेत. पेटीवर स्टिकर चिकटवले, रोज सा ची जागा बदलायची (अॅपमधून शिकलेला धडा), आधी तानपुरा, मग तिने कुठलेही तीन सूर दाबायचे. मी लिहायचं. तिसरा सूर येईपर्यंत पहिला विसरलेला असायचा! तेव्हा कळलं की नाव शोधायची घाई करायची नाही. आधी तिन्ही सूर जसेच्या तसे 'आ'कारात परत म्हणायचे. ते डोक्यात राहिले की मग निवांत नावं लावायची. लक्षात ठेवणं आणि ओळखणं ही दोन कामं आहेत, मी ती एकाच वेळी करायला जात होते. आता पाच-सहा सुरांपर्यंत जमतं. रूममेटने मोबदल्यात भांडी माझ्यावर ढकललीत.

ऐकीव गाणीही सोडू नका. राष्ट्रगीत घ्या, सगळ्यांना पाठ आहे. सुरुवात सा रे ग अशी सरळ चढते आणि मग बराच वेळ ग वरच राहते. सोपं. आता 'हॅपी बर्थडे' घ्या आणि सांगा, पहिला सूर कुठला? बहुतेक जण म्हणतात सा. पहिला सूर म्हणजे सा, असं आपण गृहीत धरतो. पण तो मंद्र पंचम आहे. सा पहिल्या ओळीच्या शेवटाला येतो, तोही नि च्या आधी. यमनमध्ये असंच फसायला होतं. यमनात पुष्कळदा नि रे ग असं सा ला वळसा घालून चढतात. कच्चा कान त्या नि लाच सा समजून बसतो आणि मग पुढचं सगळं घर हललं.

आता कागद. आपल्याकडे दोन लिप्या जास्त दिसतात, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची आणि पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची. दोघेही विष्णु, आणि मंद्र-तार, कोमल-तीव्र दाखवायच्या दोघांच्या खुणा वेगळ्या. भातखंडे पद्धतीत मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब. पलुसकर पद्धतीत टिंब वर असलं तर तो मंद्र! मी एकदा जुन्या पुस्तकातून एक अख्खा अंतरा सप्तक चुकवून म्हटलाय, कोणती पद्धत आहे ते न बघता. तेव्हा पुस्तक उघडलं की पहिल्यांदा पुढची पानं, जिथे खुणांचा तक्ता असतो, ती बघा. भातखंडे पेशाने वकील. घराण्यांच्या उस्तादांकडून ऐकून ऐकून बंदिशी लिहून काढल्या, 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग झाले. ऐकून लिहिणं म्हणजे श्रुतलेखनच की. तेही समोरचा माणूस पुन्हा म्हणेलच याची खात्री नसताना.

पण आपल्या लिपीत एक मेख आहे, ती मला त्या आठवीतल्या मुलामुळे कळली. पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीत सूर चढला की टिंब वर जातं, उतरला की खाली. डोळ्यांना चढउतार दिसतो. आपल्याकडे सगळी अक्षरं एका ओळीत. 'रे म' आणि 'रे ग' दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. आणि ती अक्षरं असल्यामुळे ती नुसती वाचताही येतात. मी 'म' हे अक्षर वाचत होते आणि ग गात होते, ते त्यामुळेच. उलट आपल्या लिपीचा फायदा असा की ती थेट नातं सांगते. सा कुठेही न्या, कागद तोच राहतो. त्या मुलाला हेच नवीन होतं, पट्टी बदलली की त्याला सुरुवातीला सगळं पुन्हा मांडावं लागायचं.

गोव्याची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या गावोगावच्या शाळांत मुलांना सोल्फेजिओ शिकवायचे, म्हणजे कागद बघून सूर म्हणणं, आणि सोबत व्हायोलिन वगैरे. तिथली माणसं पुढे मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे, हे कानाने ऐकून कागदावर उतरवायचे आणि पन्नास वादक कागद बघून वाजवायचे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं हे काम केलं. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव आपल्याला पाठ आहे, माणूस माहीत नसतो.

तर फळ्यावरची बंदिश मी आता कशी वाचते ते सांगते. पहिल्यांदा स्वरांकडे बघायचंच नाही. हाताने ताल धरायचा, त्रिताल असेल तर सोळा मात्रा, आणि शब्द फक्त लयीत बोलायचे, कविता म्हटल्यासारखे. बंदिश कुठून उठते ते बघायचं. मध्यलयीतल्या बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. मी पहिल्या दिवशी ओळीची सुरुवात म्हणजे सम धरून निघाले होते, त्यामुळे सम भलत्याच शब्दावर. मग अर्धचंद्र शोधायचे, म्हणजे एका मात्रेत दोन किंवा चार स्वर कुठे आहेत. तिथे पाय अडकतो.

आता स्वर. शेजारच्या स्वरावर जाणाऱ्या जागा मी सोडून देते, त्या आपोआप होतात. पेन्सिलीने फक्त उड्यांना गोल करते. दुर्गात ध वरून थेट म, ही उडी. प्रत्येक उडीसाठी खाली उतरायची जागा आधी सा किंवा प वरून शोधून ठेवायची. म हवाय? सा म्हणा, सा-म म्हणा, म गळ्यात बसला. मग ध-म. एवढं झाल्यावर एकदा पूर्ण ओळ मनात. मग तोंडाने. चुकलं तर थांबायचं नाही, ताल चालू ठेवून पुढच्या समेला पकडायचं. कोड रिव्ह्यूची सवय असल्याने मला प्रत्येक चुकीवर थांबायचा रोग होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आणि नजर गळ्याच्या पुढे हवी. गाडी चालवताना आपण बोनेटकडे बघत नाही, तसंच.

सात महिने झाले. आमच्यातले दोघं क्लास सोडून गेले. त्यांचं म्हणणं, गाणं गळ्यातून शिकायचं असतं, फळ्यावरून नाही. मला ते पटतही होतं. जे राहिले त्यांनी बाईंबरोबर एक वेगळीच भाषा तयार केली. भोपळ्यावर एक टकटक म्हणजे सूर चुकला, दोन म्हणजे लय. तळहात खाली दाबला की सूर चढलाय. मींड कशी घ्यायची ते त्या हवेत हाताने काढून दाखवतात, आणि त्या हाताच्या वळणात त्यांचं जुनं गाणं इतकं दिसतं की कधीकधी मी म्हणायचं विसरून बघतच बसते. मग टकटक होते. त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगही आहेत थोड्या, कोणाच्या कोणाच्या फोनमध्ये. त्या आम्ही स्वर वाचून झाल्यावरच ऐकतो, आधी नाही. बाईंचाच नियम.

स्पीच थेरपी चालू आहे. बोलणं थोडं सुधारलंय. गाण्याबद्दल त्या काही म्हणत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

गेल्या रविवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो आला. वहीचं पान, निळ्या शाईत, देसमधली एक बंदिश. कोणाकडूनही न ऐकलेली, यूट्यूबवर शोधली तर नाही सापडली. खाली एवढंच, 'संध्याकाळपर्यंत पाठव.' मी ताल धरला, उड्यांना गोल केले, देसमध्ये जाताना शुद्ध नि आणि येताना कोमल नि, त्याखालच्या रेघा नीट बघून घेतल्या. दोन तास लागले. सहाव्या टेकला व्हॉइस नोट पाठवली. निळ्या खुणा झाल्या. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.

उत्तर आलं, 'तिसऱ्या ओळीतला कोमल नि चढा आहे. बाकी बंदिश ओळखू आली. पुन्हा.'

तर मला आता तो नि उतरवायचाय. तुम्ही मुका पलटा करून बघा, प वर उतरताना वर पडता की खाली, ते मला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या भागात.